पावसाळ्याआधीचा टायर

मे सरत आला की तुमसरच्या सायकल दुकानांत टायर बदलायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी मुलामुलींच्या सायकली काढून पाहिल्या जातात. धानाची रोवणी लागली की मजुरांना पहाटे दुसऱ्या गावी पोचायचे असते, तेही आधीच चाके नीट करून घेतात. या सगळ्यांचे मागणे एकच असते. टायर मजबूत हवा आणि पावसात घसरू नये. मग भिंतीवरचा सर्वांत उंच गुटक्यांचा, दिसायला दणकट टायर खाली येतो, ग्राहक खूश होऊन जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच टायर मधोमध सपाट होऊन परत येतो. ही पद्धत आपण कारागिरांनीच रूढ केली आहे, तेव्हा ती मोडण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

गुटक्यांचा टायर मातीसाठी आहे. मऊ जमिनीत गुटका रुततो आणि धरतो. डांबरावर तो रुतत नाही. तिथे फक्त गुटक्यांची टोके रस्त्याला लागतात, भार आला की ती वाकतात, घासतात आणि लवकर झिजतात. सायकल जड चालते ते वेगळेच. पावसात पाणी बाहेर फेकायला खोल नक्षी लागते, हा समज मोटारीच्या टायरवरून आला आहे. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, म्हणून वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो आणि चाक तरंगते. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, तो पाणी आपोआप बाजूला सारतो. विमानाची चाके ओल्या धावपट्टीवर कोणत्या वेगाला तरंगतील हे काढण्याचे एक सूत्र आहे. ते ४० पीएसआय हवेच्या टायरला लावले तर ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेग निघतो. आपले ग्राहक त्याच्या पाव वेगानेही क्वचितच जातात. अमेरिकेतले नामांकित सायकल कारागीर शेल्डन ब्राउन हयातभर हेच सांगत राहिले की पक्क्या रस्त्यावर पकड रबर देते, नक्षी नव्हे.

म्हणून टायर काढण्याआधी ग्राहकाला त्याचा रस्ता विचारावा. आपल्या तालुक्यात रस्ते एकसारखे नाहीत. तुमसर शहरातून देव्हाडीला, म्हणजे तुमसर रोड स्थानकाला रोज जाणारा माणूस जवळजवळ पूर्ण वेळ डांबरावर असतो. त्याला मधोमध सलग पट्टी असलेला, कडेला बारीक रेषांचा टायर द्यावा. गोबरवाही-नाकाडोंगरीकडे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या बाजूला जाणाऱ्याचा त्रास निराळा आहे. तिथे खनिजाचे ट्रक चालतात आणि रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमक्या सायकलच्या वाटेवर, टोकदार खडे आणि गिट्टी पडलेली असते. त्याला पकडीपेक्षा आधी जाडी हवी. सिहोऱ्याकडच्या खेड्यांतून येणारा पांदण, मुरूम आणि डांबर तिन्हींवरून येतो. त्याच्यासाठी मध्ये सलग पट्टी आणि कडेला बुटके गुटके अशी मिश्र नक्षी ठीक. उंच गुटके खरोखर उपयोगी पडतात ते ज्याची जवळजवळ पूर्ण वाट बरडावरून किंवा मुरमावरून आहे त्याला. कन्हारीच्या, म्हणजे भारी काळ्या जमिनीच्या, चिकट चिखलात तर तेही निरुपयोगी. चिखल गुटक्यांत भरतो, मडगार्डखाली साचतो आणि चाक अडते.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी बांध्यांतला चिखल रस्त्यावर आणतात. डांबरावर पसरलेल्या त्या पातळ ओल्या थरावर कोणताच टायर पकडत नाही. हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. वळणावर ब्रेक न मारता आधीच वेग कमी करायला सांगावे, आणि रेल्वे फाटकावर रूळ सरळ काटकोनात ओलांडायला सांगावे. टायर विकताना सांगितलेली ही दोन वाक्ये फुकट असतात आणि हातपाय वाचवतात.

आता मजबुतीचे. धानाच्या धुऱ्यांवर बाभळी आहेत, म्हणून काटे आहेत. बाभळीचा काटा लांब आणि सरळ असतो. साधा टायर तो सहज भेदतो. पावसात पंक्चर वाढतात त्याचे कारण काटे वाढतात हे नाही. ओले रबर सहज कापले जाते, आणि ओल्या टायरला चिकटलेला खडा किंवा काच फेऱ्यागणिक आत सरकत जाते. टायर निवडताना मधल्या भागाची जाडी दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहावी, बाजूच्या भिंतीशी तुलना करावी. आतला नायलॉनचा धागा दाट आणि एकसारखा दिसला पाहिजे. आयएस २४१४ या मानकाचे आयएसआय चिन्ह पाहावे. लुधियानाचे राल्सन आणि मेट्रो, हैदराबादचे हार्टेक्स असे नेहमीचे ब्रँड आपल्याकडे येतात. पण एकाच ब्रँडमध्येही हलके आणि जड असे दोन्ही टायर असतात, म्हणून नावावर न जाता हातात घेऊन वजन पाहावे. रबरावर नख दाबून पाहावे. दगडासारखे कडक असेल तर ते टिकेल, पण ओल्या डांबरावर सरकेल. फार मऊ असेल तर धरेल, पण खाणीच्या रस्त्यावर एक हंगामही काढणार नाही. रोजच्या सायकलला मधला मार्गच योग्य.

मुलांना आवडणाऱ्या स्वस्त रंगीत टायरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे, तो विकू नये. टायरचा काळा रंग कार्बन ब्लॅकचा असतो. ते रबराला झिजण्यापासून आणि उन्हापासून वाचवते. ते काढून त्याच्या जागी दुसरे चांगले द्रव्य घातलेले महाग टायर असतात, आपल्या बाजारात येणारे बहुतेक तसे नसतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्यांच्या भिंतींना फार लवकर भेगा पडतात.

काट्यांवर जुना उपाय आपल्याला माहीत आहे. जुन्या टायरची तार कापून टाकायची आणि मधली पट्टी नव्या टायरच्या आत घालायची. जर्मनीची श्वाल्बे कंपनी आपल्या मॅरेथॉन टायरच्या आत तीन मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा थर घालते, तत्त्व तेच आहे. आपल्याकडे ही पट्टी घाईत घातली जाते आणि चूक तिथेच होते. कडा आणि दोन्ही टोके ब्लेडने तिरकी तासली नाहीत तर तीच ट्यूबला घासून भोक पाडतात. मग ग्राहक नव्या टायरला दोष देतो. पट्टी घालायची तर कडा तासून, आतून टाल्कम पावडर लावून घालावी. वेळ नसेल तर घालू नये.

मापाचा गोंधळ तर नित्याचाच. बावीस इंची सायकल म्हणजे फ्रेमचे माप, टायरचे नव्हे, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवावे. जुन्या रोडस्टरचा २८ × १½ टायर म्हणजे ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या हायब्रीड सायकलचा ७००सी टायर म्हणजे ६२२ मिलिमीटर, पण त्याच्यावरही कधी कधी २८ लिहिलेले असते. २६ मध्ये गोंधळ अधिक आहे. २६ × १⅜ म्हणजे ५९०, २६ × १½ म्हणजे ५८४, आणि माउंटन सायकलचा २६ × १.९५ म्हणजे ५५९. हे एकमेकांत बसत नाहीत. ताणून चढवलेला किंवा सैल बसलेला टायर हवा भरताना रिमवरून सुटतो. टायरच्या भिंतीवर इंचांशेजारी ४०-६३५ असा जोडआकडा छापलेला असतो, दुसरा आकडा जुळवूनच टायर काढावा.

हवेबद्दल आपल्या व्यवसायात एक चुकीची समजूत खोलवर बसली आहे. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी भरायची, ही ती समजूत. हिशेब करून पाहा. सकाळी ४५ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा दुपारी ३० अंशांनी तापली तर दाब सुमारे सहा पीएसआयने वाढतो. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो आधीच तडकलेला, तार गंजलेला किंवा नीट न बसलेला. कमी हवेने मात्र भिंती दुमडतात, धागे तुटतात आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते. ट्यूबवर समोरासमोर दोन बारीक चिरा दिसल्या की काट्याला दोष देऊ नका, हवा कमी होती. हवा मोजावी म्हटले तर वॉल ट्यूबच्या गोटीवर गेज लागत नाही, अंगठ्याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. दुकानात गेज वापरायचे ठरवले तर नव्या ट्यूब स्कूटरच्या नळीच्या घ्याव्यात, रिमचे भोक बसत असेल तर. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त हवा, कारण भार तिथे असतो.

याच कारणाने मागचा टायर आधी झिजतो. ग्राहक एकच टायर घेणार असेल तर बहुतेक दुकानांत नवा मागे चढवला जातो. असे करू नये. पुढचा चांगला टायर मागे न्यावा आणि नवा पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर माणूस सावरू शकतो, पुढचे घसरले तर पडतोच. मजुरीचे चार पैसे जास्त घ्या, पण हे करा. आणि त्याच वेळी ब्रेकच्या गुटक्या बघा. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, नवा टायर त्याला काही करू शकत नाही.

दुकानाबाहेर खिळ्यावर टांगलेले नवे टायर आत घ्या, ही शेवटची गोष्ट. ऊन आणि विजेच्या मोटारीजवळचा ओझोन रबराचा पृष्ठभाग नासवतात. कंप्रेसरशेजारी ठेवलेला टायर विकण्याआधीच म्हातारा होतो. शाळा उघडायला अजून काही आठवडे आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्यांतल्या जुन्या सायकली या दिवसांत दुरुस्तीला येतील. सायकल आणणारी मुलगी टायर निवडणार नाही, तिचा बाप किंवा भाऊ पैसे देईल आणि निवड तुमच्यावर सोडेल. तिला रस्ता विचारा, आकडा जुळवा आणि नवा टायर पुढे लावा.