डफ समोरच्याच्या हाती द्या

परवा कुरवंड्याला एका मित्राच्या घरी गेलो होतो. ओसरीवरून नागफणीचा सुळका दिसत होता. मित्राचा मुलगा मोबाइलवर विनोदी कार्यक्रम पाहत होता. एका कलाकाराने दुसऱ्याच्या रंगावरून काहीतरी म्हटलं, प्रेक्षक हसले. मित्राचे वडील म्हणाले, "ह्याचं झालं बोलून. आता त्याच्या हातात डफ कधी देणार?"

म्हातारबुवा तरुणपणी फडांमागे हिंडलेले. त्यांच्या एका प्रश्नात सवाल-जवाबाचा सगळा कायदा आला. कलगीवाला शक्ती थोर म्हणणार, तुरेवाला शिव. एकाने कूट घालायचं, दुसऱ्याने ते कवनातूनच सोडवायचं. चिमटे, टोमणे, उणंदुणं सगळं चालायचं. पण समोरच्याची पाळी यायचीच.

पेशवाईच्या अखेरीस होनाजी बाळा आणि सगनभाऊ यांची चढाओढ गाजली. होनाजी गवळी, तर सगनभाऊ जेजुरीचे मुसलमान शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस मराठी लावणीत कुणाच्या मागे राहिला नाही. फडावर सगळं सभ्यच चालायचं, असा माझा दावा नाही. पण आज आपण सगनभाऊंना त्यांच्या लावणीमुळे ओळखतो, हे महत्त्वाचं.

मागे एका कविसंमेलनात माझं नाव पुकारताना सूत्रसंचालकाने विचारलं, "उर्दू सोडून इकडे कुठे?" हशा पिकला. मी म्हणालो, "आईने शिव्या मराठीत दिल्या, मग कविता कुठल्या भाषेत करू?" टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी जो तो पाठ थोपटून म्हणत होता, "काय तोंड बंद केलंत त्याचं!" कवितेबद्दल एकजणही बोलला नाही. मी हजरजबाबी ठरलो. कवी ठरायचं राहून गेलं.

म्हणून टोमण्यांना माझा विरोध नाही. कलाकारांनी एकमेकांना जरूर डिवचावं, त्याने कला घासूनपुसून निघते. माझी ओळ ढिली आहे म्हणा, यमक ओढूनताणून आणलंय म्हणा. रात्र जागून दुरुस्त करीन, पुढच्या खेपेला कवितेनेच जवाब देईन.

पण नाव कसं दुरुस्त करू? आणि का करू?