जुना सिंथ, नवा भाव

हल्ली कुठल्याही म्युझिक प्रोड्यूसरचं रील बघा, मागे स्लायडरांनी भरलेला एखादा जुना कीबोर्ड दिसतोच. ऐंशीच्या दशकातले अ‍ॅनालॉग सिंथेसायझर पुन्हा जोरात आहेत. त्यातला लाडका म्हणजे १९८४ मध्ये आलेला रोलंडचा जुनो-१०६. सेकंडहँड बाजारात तो चांगलाच भाव खातोय. कॉलेजच्या बँडसाठी पैसे साठवत असाल, तर प्रश्न तुमचाही आहे: चाळीस वर्षांच्या मशिनमागे धावायचं का?

आधी थोडं मागे जाऊ. १९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल डीएक्स-७ आला आणि अ‍ॅनालॉगची हवा गेली. अनेकांनी जुने सिंथ विकून टाकले, ते स्वस्तात मिळू लागले. मग हाऊस आणि टेक्नो करणाऱ्या, खिसा हलका असलेल्या पोरांनी ते उचलले. म्हणजे या यंत्रांचं नाव झालं, त्यात स्वस्ताईचा मोठा वाटा होता. आज तशाच पोरांना ती परवडत नाहीत!

कंपन्यांनीही ही हवा ओळखली आहे. सिक्वेन्शियलने १९७८ चा प्रॉफेट-५ हा सिंथ २०२० मध्ये नव्याने बाजारात आणला. जुनोचा आवाज तर रोलंडच्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. तेव्हा दुर्मीळ आहे ती वस्तू, आवाज नव्हे. आणि त्या आवाजातून काय काढायचं, हे शिकायला मूळ मशिन लागत नाही.

जुनोत एका वेळी सहाच सूर वाजतात. हात सोडल्यावरही सूर रेंगाळेल असं सेटिंग ठेवलंत, तर सातवी पट्टी दाबताच आधीचा एक सूर तुटतो. म्हणून कॉर्डमधले सूर कमी करा, बेसला जागा सोडा. इथेच अरेंजमेंट शिकायला मिळते. पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच येतो. मग गाण्यात चढउतार आणायचा कसा? उजव्या हाताने वाजवा, डाव्या हाताने फिल्टरचा स्लायडर हलवा. त्याचा प्रसिद्ध कोरस आधी बंदच ठेवा. कोरस लावला की काहीही गोड वाटतं, मूळ आवाज कच्चा राहिला तरी कळत नाही. बेस जाड हवा असेल, तर पॉली १ आणि पॉली २ ही बटणं एकदम दाबा. सहाही आवाज एकाच सुरावर येतात.

मूळ मशिन घ्यायचंच ठरवलंत, तर नुसत्या फोटोंवर जाऊ नका. पॉली १ वर एकामागोमाग दहा-बारा वेगवेगळ्या पट्ट्या वाजवा. दर सहावा सूर गायब होत असेल किंवा खरखरत असेल, तर त्या आवाजाची चिप गेली असं समजा. या चिपांचं खराब होणं हे जुनोचं जुनंच दुखणं आहे. दुरुस्ती होते, पण तिचा खर्च किमतीत धरा. आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्या शहरात आहे का, हे आधी शोधा.

आता मुंबईतलंच उदाहरण. सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचा ज्युपिटर-८ आणि आणखी दोन यंत्रं घेऊन दहा रागांचा डिस्को अल्बम केला. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे कान टवकारले. त्यांच्या हातात होती ती त्या वेळची नवी यंत्रं, ‘व्हिंटेज’ नव्हेत. रागांची तयारी मात्र त्यांची स्वतःची होती.

तेव्हा सगळी बचत एका मशिनवर ओतण्याआधी सॉफ्टवेअरवर एक आवाज शून्यातून बनवून बघा. सहा सुरांच्या मर्यादेत एक पूर्ण गाणं करा. ते जमलं, तर पुढे कुठलाही सिंथ हाती आला तरी तुम्ही अडणार नाही. नाही जमलं, तर महागडा जुनोही रीलच्या मागे शोभेलाच उरेल.