हवेचीहि नोंद दप्तरीं हवी

महसूल कचेरींत आमचें आयुष्य गेलें. पावसाळ्यांत दररोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजून आंकडा वहींत उतरविणें, हें काम आम्हीं अनेक वर्षें केलें. काम क्षुल्लक दिसे. परंतु मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्याची नोंद असली, म्हणजे अतिवृष्टि ठरते व पंचनाम्यास आधार मिळतो. ज्याचा आंकडा दप्तरांत नाहीं, त्यासाठीं कागद हलत नाहीं, हा आमचा नोकरींतील अनुभव आहे.

हवेच्या बाबतींत शेतकऱ्याची स्थिति नेमकी अशीच आहे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ सालीं झाला. अतिसूक्ष्म धुळीचें प्रमाण दर घनमीटर हवेंत दिवसाच्या सरासरीनें ६० व वर्षाच्या सरासरीनें ४० मायक्रोग्रॅमांहून अधिक नसावें, असें २००९ सालीं ठरलें. जानेवारी २०१९ मध्यें राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम निघाला. त्यांत आपल्याकडील कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, जालना, चंद्रपूर वगैरे शहरें आलीं. हें योग्यच झालें. परंतु मोजणीचीं यंत्रें बहुतेक शहरांत व औद्योगिक वसाहतींत आहेत. खरेदीखतांत जमिनीच्या चतुःसीमा लिहितां येतात, वाऱ्याच्या येत नाहींत. खडीयंत्राची धूळ व वीटभट्टीचा धूर शीव ओलांडून आपल्या पिकांवर बसतो. तक्रार घेऊन गेलें तर पुरावा मागतात, आणि तो आपल्यापाशीं नसतो.

तथापि दुसऱ्याच्या धुरांड्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या बांधाकडे पाहिलें पाहिजे. ऊस तुटल्यावर पाचट पेटविण्याची चाल आपल्यांत आहे. आम्हींहि दोन हंगाम तेंच केलें. दुसऱ्या वर्षीं वारा फिरला आणि शेजाऱ्याच्या ठिबकाच्या नळ्या जळाल्या. नुकसान भरून दिलें. परंतु त्यानें एक शब्दहि काढला नाहीं, ही बोच आजहि आहे.

मजूर महाग, उंदीर फार, फुटवा उशिरा येतो, हीं कारणें अगदींच खोटीं नव्हेत. पण हिशेब पाहा. एका हेक्टरांत ८ ते १० टन पाचट निघतें व त्यांत सुमारें अर्धा टक्का नत्र असतें. म्हणजे ४० ते ५० किलो. तें बहुतेक धुरावाटे जातें, आणि मागून आपण युरियाचें पोतें विकत आणतों. बुडखे जमिनीलगत तासावे, पाचट सरींत दाबावें, हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो कुजविणारे जीवाणू टाकून पाणी द्यावें. ओल टिकते, तण कमी होतें. आम्ही आतां हेंच करतों.

पंजाब-हरियाणाकडे पाहावें. तेथें भाताचे पेंढे जाळल्याबद्दल नोव्हेंबर २०२४ पासून दोन एकरांखालील शेतकऱ्यास ५,०००, पांच एकरांपर्यंत १०,००० व त्यावर ३०,००० रुपये भरपाईची आकारणी ठरली. शेतांतील आग आतां उपग्रहास दिसते. म्हणजे आपला अपराध मोजला जातो, आपलें नुकसान मात्र मोजलें जात नाहीं! ही एकतर्फी मोजणी आम्हांस मान्य नाहीं.

म्हणून आमच्या मतें दोन गोष्टी व्हाव्यात. महावेध प्रकल्पानें महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभारलीं आहेत. तीं पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा मोजतात. तेथेंच धुळीचें मापन जोडावें व आंकडे चावडीच्या फळ्यावर लावावेत. आणि येत्या तोडणीपूर्वीं प्रत्येक ग्रामसभेनें पाचट न जाळण्याचा ठराव करावा. ज्याचे हात स्वच्छ, त्याचाच अर्ज ठामपणें लिहिला जातो. तो अर्ज लिहून देण्यास आम्ही केव्हांहि तयार आहों.