अंगावरचे काळे-निळे डाग : गोळी, गैरसमज आणि आपली जबाबदारी

आमच्या ओळखीतल्या एका घरात अलीकडे जे घडलं, ते अनेक घरांत घडू शकतं, म्हणून इथे मांडत आहोत. साठी ओलांडलेल्या एका खालांच्या दंडावर, मांडीवर आणि पोटावर अचानक काळे-निळे डाग दिसू लागले. पडल्या नाहीत, कुठे धडकल्या नाहीत. भेटायला आलेल्या बायकांची आधी कुजबुज झाली, मग उघड बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं "नजर लागली", कुणी म्हणालं "असर आहे, झाडून घ्या." आणि कुणीतरी हळूच सुनेकडे बोट दाखवलं, "सून हात तर उचलत नाही ना?" आठवडाभर त्या सुनेच्या घशाखाली घास उतरला नाही.

खरं कारण खालांच्या औषधाच्या डब्यात होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदललेली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू होती. मधे पोट बिघडलं. जवळच्या मेडिकलमधून मुलाने जुलाबाच्या गोळ्या आणल्या, त्यात मेट्रोनिडॅझोल होतं. गुडघे दुखत होते म्हणून दुखण्याची गोळीही सोबत आली. मेट्रोनिडॅझोल रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवतं, आणि दुखण्याच्या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. तपासणी केली तेव्हा खालांचा आयएनआर हवा त्यापेक्षा खूप वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी वेळेत सांभाळलं, अल्हम्दुलिल्लाह. पण प्रश्न एका घरापुरता नाही.

गेल्या काही वर्षांत हृदयाचे उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट सुमारे 30 हजारांच्या आत आला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि झडपेच्या शस्त्रक्रिया होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. रिक्षावाल्याच्या, यंत्रमाग कामगाराच्या घरातही आज स्टेंट बसलेला माणूस आहे. पण ऑपरेशन होतं एकदा, आणि गोळी चालते वर्षानुवर्षं. तिच्याबद्दलचं ज्ञान मात्र डिस्चार्ज कार्डवरच्या इंग्रजीत अडकून पडतं. घरात ते वाचणारं कुणी नसतं, आणि वाचलं तरी कळत नाही.

म्हणून काही गोष्टी सरळ भाषेत सांगतो.

"रक्त पातळ करणारी गोळी" हे एकाच औषधाचं नाव नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना एकत्र चिकटू देत नाहीत. स्टेंटनंतर बहुधा ह्याच असतात. वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमारोल गुठळी होण्याची प्रक्रिया मंदावतात. कृत्रिम धातूच्या झडपेसाठी ह्या लागतात, आणि ह्यांचं माप म्हणजे आयएनआर. निरोगी माणसात तो 1 च्या आसपास असतो. ह्या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांत तो 2 ते 3 ठेवतात, काही झडपांसाठी थोडा जास्त. रिव्हरोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन ह्या नव्या गोळ्यांना आयएनआर पाहावा लागत नाही, पण रक्तस्राव त्यांनीही होऊ शकतो. आपल्या अब्बा-अम्मीला यातली नेमकी कोणती चालू आहे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

ह्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगावर अधूनमधून छोटा डाग पडणं नवलाचं नाही. म्हातारपणी कातडी पातळ होते, भांडं लागलं तरी निळं पडतं. पण मार न लागता एकदम अनेक डाग आले, डाग पसरत किंवा सुजत गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिरड्यांतून रक्त येणं, नाकातलं रक्त दाबूनही दहा मिनिटांत न थांबणं, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, डोक्याला मार, अचानक भयंकर डोकेदुखी, हात-पाय लुळा पडणं किंवा जीभ अडखळणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तिथे पहिलं वाक्य हे बोला: "यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे."

दुसरी चूक याच्या उलट असते. डाग पाहून घाबरून घरचेच गोळी बंद करतात. स्टेंटमध्ये किंवा झडपेवर गुठळी झाली तर जीवच जाऊ शकतो, मेंदूत गेली तर अर्धांगवायू. गोळी कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर तपासणी करून ठरवतील, आपण नाही.

पावसाळ्यात आणखी एक धोका आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतात. गोळी चालू असलेल्या माणसाला ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून बसू नका, रक्त तपासा आणि मनाने दुखण्याची गोळी देऊ नका.

आपल्या समाजातल्या काही सवयींबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. हिजामा अनेक जण आस्थेने करतात. पण रक्त पातळ असताना कातडीला चिरा दिल्या तर रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि करणाऱ्यानेही आधी गोळ्यांबद्दल विचारलंच पाहिजे. जेवणातलं लसूण-आलं ठीक. पण लसणाच्या कॅप्सूल, हकीमाचे चूर्ण, ताकदीचे माजून यांची माहिती डॉक्टरांना द्या. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारोल घेणाऱ्याने पालक-मेथी सोडायची गरज नाही, फक्त एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करू नये. रमजानच्या काही आठवडे आधीच रोजे आणि गोळीची वेळ यांबद्दल डॉक्टरांशी बोला. वेळ आपल्या मनाने बदलू नका.

आणि तो सुनेवरचा संशय. पुराव्याशिवाय बोट दाखवणं हा जुल्म आहे, एका डागावरून घर मोडू शकतं. पण गोळीच्या नावाखाली खरी मारहाण झाकली जाऊ नये, हेही तितकंच खरं. बोटांच्या खुणा दिसत असतील, म्हातारा माणूस कुणापुढे घाबरून गप्प होत असेल, तर त्यांना एकटं बसवून प्रेमाने विचारा. आधी तपासणी, मग निष्कर्ष, हाच इन्साफ.

सरकारकडून आमची मागणी साधी आहे. डिस्चार्जच्या वेळी मराठी आणि उर्दूत एका पानाची सूचना द्या, आयएनआरची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात मिळू द्या, आणि चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी औषधं खरोखर चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. ऑपरेशननंतरच्या पाठपुराव्यात काय बसतं हे त्याला विचारणं आपला हक्क आहे.

पण सरकारची वाट न पाहता एक काम आज होऊ शकतं. आम्ही आठवीच्या मुलांना गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं, वेळ आणि कारण एका कागदावर लिहा, एक प्रत दादी-नानीच्या बटव्यात ठेवा. कित्येक मुलांना पहिल्यांदाच कळलं की नाना कसली गोळी खातात. खालांच्या घरी असा कागद असता, तर मेडिकलवाल्यासमोर तो नुसता ठेवला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं.