आईचा पेला

आई बार्शीहून ऑपरेशन होऊन घरी आली त्या दुपारची ही गोष्ट. भेटायला आलेल्या नात्यातल्या एका बाईने आमच्या धाकट्या भावजयीला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "म्हातारीचं ताट-पेला येगळा काढ गं, घरात लेकरं हायती." सांगणारीच्या मनात वाईट नव्हते, काळजीपोटीच बोलली. पण ओट्यावर बसलेल्या आबांच्या कानावर ते गेले. आबा उठले, आईच्या पेल्यात उरलेला अर्धा चहा सगळ्यांदेखत पिऊन टाकला आणि म्हणाले, "माझा बाप हाटेलाभायेर खुंटीला टांगलेल्या कपातनं च्या प्याला. माझ्या घरात कुनाचा कप येगळा व्हनार न्हाई."

आम्ही सगळे गप्प झालो.

कॅन्सर उष्ट्याने, स्पर्शाने, एका अंथरुणावर झोपल्याने होत नाही. तो आपल्याच शरीरातल्या पेशी बेसुमार वाढल्याने होतो. नातवंडांनी आजीच्या ताटात खाल्ले म्हणून काही बिघडत नाही. हे डॉक्टर सांगतात, आणि तरी घराघरांत पेला वेगळा निघतो. आपण हे करावे? वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्याइतका कुणाला कळतो!

जामखेडला ही गोष्ट नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावोगाव पाण्याची बोअर दलित वस्तीत घेतली. गावाला पाणी हवे तर वस्तीत यावे लागे. त्यांनी खेड्यातल्या साध्या बायकांना आरोग्यसेविका केले, त्यांत आपल्या समाजाच्याही पुष्कळ होत्या. अशाच एका जुन्या, जाणत्या बाईमुळे आमची आई वेळेत बार्शीला पोचली.

वेळेत म्हणजे तरी किती? खुरपताना छातीला गाठ लागली ती आईने पाच महिने कुणाला सांगितली नाही. दुखत नव्हती ना! आणि सांगायचे कुणाला, लाज वाटते. शेवटी आंघोळीच्या वेळी आक्काने पाहिले. एका दवाखान्यात मलम मिळाले, त्यात आणखी महिना गेला. मग त्या बाईने हात लावून पाहिले आणि एवढेच म्हणाली, "मलम फेका. उद्याच बार्शीला जा." न दुखणारी गाठ जास्त वाईट असू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

नुसत्या जाणत्या हाताची किंमत किती, ते मुंबईत मोजले गेले आहे. १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचे दोन गट करून टाटा रुग्णालयाने एका गटातल्या बायकांची छाती शिकवलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी तपासून घेतली. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात मोठे यंत्र नव्हते, शिकवलेल्या बाईचे हात होते.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचेही आपल्या भागावर उपकार आहेत. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. तिची माणसे खेड्यांत जाऊन बोलू लागली, तशा बायका आजार वाढण्याआधी येऊ लागल्या.

आता आमची चूक सांगतो. सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, आणि आम्ही भावंडांनी ठरवले की आईला नाव सांगायचे नाही. "साधी गाठ आहे" म्हणालो. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साक्षरतेच्या वर्गात मी काय झोपा काढल्या व्हय? दवाखान्याचा बोर्ड मला वाचता येतो." मेल्याहून मेल्यासारखे झाले! पेला वेगळा काढणारीला आपण नावे ठेवतो, पण आईच्या आजाराच्या बोलण्यातून आईलाच बाहेर काढले होते ते आम्हीच. त्यानंतर डॉक्टरांपुढे आई आधी बसली, आम्ही मागे.

ऑपरेशन जनआरोग्य योजनेतून झाले. रेशनकार्डावर आईचे नाव एक आणि आधारवर दुसरे, त्यात आठवडा गेला. तुमच्या घरातली कागदपत्रे आजच काढून ताडून पाहा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भिडेखातर न विचारता परत येऊ नका. पण योजना बुडालेली मजुरी देत नाही. धाकटा भाऊ गवंडीकाम करतो, त्याचे बावीस खाडे झाले. आक्काच्या बचत गटाने उचल दिली. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढाच आधार.

खरी कसोटी घरी आल्यावर. एका बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढलेल्या. जखमेतून नळी, नळीला बाटली. बाटलीत रोज किती पाणी जमते ते मोजून लिहायचे होते. हे काम सातवीतल्या नातवाने घेतले. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीखवार आकडे : ११०, ९०, ६५, ४०, २५. आकडा उतरला, नळी निघाली.

त्या बाजूचा हात जन्मभर जपायचा. त्यावर सुई नाही, जड घागर नाही, चटका-कापा लागू द्यायचा नाही. नाहीतर हात सुजतो. पण हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवर बोटे चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. आईने भिंतीवर कोळशाच्या रेघा मारल्या होत्या. वेणी मात्र तिला घालता येईना. ती आबा घालू लागले! चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. वाकडी-तिकडी यायची, आई हसायची. पुढे एकवीस-एकवीस दिवसांनी औषधाच्या सलाईन सुरू झाल्या, केस गेले, तेव्हा आबाच जास्त रडले.

त्या दिवसांत जेवणावर सगळे गाव डॉक्टर झाले. अंडे नको, मटण नको. आमच्या डॉक्टरांनी उलट अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे द्या म्हटले. सगळे ताजे शिजवलेले, पाणी उकळलेले. सलाईननंतर ताप १०० च्या वर चढला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री गाडी काढायची. एकदा काढावी लागली.

भाकरी, धुणे, आईचे अंथरूण ही कामे सुनेनेच करावीत असे आमच्या घरातही गृहीत होते. पौर्णिमेला विहारात आक्काने बाबासाहेबांच्या ग्रंथातली ती हकीकत वाचली. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूवर भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला अंथरुणावर ठेवले. परत येताना थोरला भाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी आईची चादर त्याने धुतली. दोरीवर वाळत घालताना शेजारपाजारचे पाहत होते. पाहू दे!

धाकट्या भावजयीने जुन्या मऊ लुगड्याची कापूस भरलेली गादी ब्लाऊजच्या आत शिवून दिली. ती घालून आई पहिल्यांदा बाजारात गेली. आता कुणाच्या घरी गाठीची कुजबुज झाली की तिलाच बोलावतात. चहा आला की ती आधी पाहते, पेला कुठला दिलाय.

पुढच्या तपासणीची तारीख नातवाच्या वहीत लिहिली आहे. या खेपेला बार्शीला न्यायची पाळी थोरल्याची.