तुळस प्या, पण चालू गोळी सोडू नका

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की चहाबरोबर तब्येतीच्या गोष्टी निघतातच. यंदा भायखळ्यात आम्ही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकला : ताणतणावावर तुळशीच्या कॅप्सूल घ्याव्यात का? आणि त्यामागोमाग, जरा दबक्या आवाजात : आपल्यात तुळस चालते का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, ते सोपे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता नाकारल्या आहेत, झाडपाला नाही. दारात वृंदावन नको, तुळशीचे लग्न नको, हे बरोबरच. पण खोकल्यावर आले-तुळशीचा काढा घेतल्याने कोणाचा धम्म बुडत नाही. विनयपिटकात जीवकाची गोष्ट येते. तक्षशिलेच्या गुरूंनी त्याला सांगितले, नगराभोवती योजनभर फिर आणि औषध नसलेली वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. पुढे तोच तथागतांचा वैद्य झाला.

चिंता आहे ती पहिल्या प्रश्नाची. आमच्यातल्या एका ताईंना रात्री झोप लागत नव्हती, छातीत धडधड व्हायची. ओळखीतल्या कोणीतरी तुळशीच्या कॅप्सूलचा महागडा डबा त्यांच्या गळ्यात मारला. 'झाडपाल्याचे आहे, सगळ्यावर चालते' हे ऐकून त्यांनी साखरेची गोळीही बंद केली. दोन महिन्यांनी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा साखर किती वाढली होती ते कळले. डबा अजून अर्धा शिल्लक होता.

तुळशीत काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. 2022 साली 100 प्रौढांवरची आठ आठवड्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना रोज 250 मिलिग्रॅम अर्क दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचा ताण अधिक उतरला, झोपही सुधारली. मात्र माणसे शंभरच, काळ दोनच महिने, आणि खर्च अर्क बनवणाऱ्या कंपनीचा. शिवाय तो एक ठरावीक अर्क होता. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या डब्यात तोच असेल असे नाही, आणि कपातल्या चार पानांना तर तो हिशेब लागूच होत नाही. परंपरा आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. डब्यावरचे 'हजारो वर्षांचे ज्ञान' त्यातच आले. आपण देव्हारा काढला आणि त्या जागी डबा ठेवला, असे व्हायला नको.

डब्यावरचे बारीक अक्षरही वाचा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर 'औषधी वापरासाठी नाही' असे कायद्याने छापावे लागते. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करणे तर 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. तुळशीच्या अर्काने साखर उतरू शकते, म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, शस्त्रक्रिया ठरलेले, गरोदर असलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रिया, यांनी तर लांबच राहावे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने गांजले होते, आणि ते इन्सुलिन घेत.

आणि ताण तरी कशाचा असतो? कंत्राटी नोकरी, मुलांची फी, चाळ पाडली तर जायचे कुठे, घरातली दारू. हे कॅप्सूलमध्ये मावत नाही. यातल्या पुष्कळ गोष्टींसाठी संघटना लागते, औषध नव्हे. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असे असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जे. जे. रुग्णालय आपल्या दारात आहे, नायरही लांब नाही. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून लाजणारे आमच्यात अजून आहेत. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाताना त्यांना लाज वाटत नाही!

डबा आधीच घरात आला असेल तर लपवू नका. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्यांबरोबर तोही पिशवीत टाका आणि डॉक्टरांपुढे ठेवा.