सिंधचे जुने प्रवासग्रंथ जरीपटक्यात हवेत

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स १८३२ साली काबूलला पोहोचला तेव्हा त्याच्या खिशात पाच हजार रुपयांचे पतपत्र होते, तेही दूरच्या लुधियाना किंवा दिल्लीच्या खजिन्यावरचे. काबूलमध्ये शिकारपूरच्या हिंदू सावकारांच्या पेढ्या होत्या. त्यांनी मागेपुढे न पाहता तो कागद घेतला. हवे तर लगेच सोने मोजून देतो, नाहीतर बुखारा, आस्त्राखान किंवा रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदच्या जत्रेवर हुंडी लिहून देतो, असे त्यांचे म्हणणे. बर्न्सने बुखाऱ्याची हुंडी घेतली. लंडनच्या जॉन मरेने १८३४ साली तीन खंडांत छापलेल्या त्याच्या ‘ट्रॅव्हल्स इंटू बोखारा’त ही हकिगत आहे. शिकारपूर सिंधमधले. फाळणीनंतर हाती काही नसताना नागपूरला आलेल्या सिंधी कुटुंबांनी उत्तरेला जरीपटका वसवला आणि तिथला व्यापार शून्यातून उभा केला. या वस्तीला ज्यांना नुसते ‘निर्वासित’ म्हणून ओळखायची सवय आहे, त्यांनी आणि वस्तीतल्या मुलांनीही ही हकिगत मूळ पुस्तकातून वाचावी, आणि ते पुस्तक जरीपटक्यातच हाताशी असावे, असे मला ठामपणे वाटते.

दुर्मिळ प्रवासग्रंथांचा संग्रह म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती श्रीमंतांची काचेची कपाटे. चामडी बांधणी, रंगीत चित्रे आणि लिलावातला आकडा यांपलीकडे त्या कपाटांतली पुस्तके सहसा जात नाहीत. चित्रे आणि नकाशे सुटे करून विकण्यासाठी चांगल्या प्रती फाडल्या जातात, ते तर फारच वाईट. सिंधच्या बाबतीत हे नुकसान अधिक आहे. फाळणीत पंजाबचे आणि बंगालचे दोन भाग झाले, सिंध मात्र अख्खा सीमेपलीकडे गेला. गाव पाहून येऊ म्हटले तर व्हिसाची अडचण. आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याबरोबर संपत चालल्या आहेत. सिंधी लिहिण्याची अरबी वळणाची लिपी इंग्रज सरकारने १८५३ साली पक्की केली, पण इथे वाढलेल्या बहुतेक तरुणांना ती वाचता येत नाही. आजोबांच्या पेटीतले सिंधी पुस्तक नातवाला परके, पण इंग्रजी तो सहज वाचतो. हेन्री पॉटिंजरचा १८१६ चा बलुचिस्तान-सिंधचा प्रवास किंवा रिचर्ड बर्टनची १८५१ ची दोन सिंधविषयक पुस्तके यांतून त्याला पूर्वजांच्या मुलखाचे रस्ते, बाजार आणि रीतिरिवाज कळू शकतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की ही पुस्तके हेरांनी लिहिलेली आहेत. आक्षेप खरा आहे. इंग्लंडच्या राजाने रणजितसिंहांना पाठवलेले धिप्पाड घोडे पोहोचवायचे निमित्त करून बर्न्सने १८३१ साली सिंधू नदीची पाहणी केली, आणि बारा वर्षांत, १८४३ साली, इंग्रजांनी सिंध गिळला. पण इंग्रजांनी नदी पाहिली म्हणजे सिंध आता हातचा गेला, हा नदीकाठच्या एका सय्यदाचा विलापही बर्न्सनेच नोंदवून ठेवला आहे. त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्याच पुस्तकात सापडतो. म्हणून ही पुस्तके नाकारण्याऐवजी त्यांच्या शेजारी दुसऱ्या बाजूची पुस्तके ठेवावीत. कंपनीचा अधिकारी ईस्टविक याच्याबरोबर सिंधमध्ये मुनशी म्हणून वावरलेल्या माळव्यातल्या लुत्फुल्लाचे आत्मचरित्र १८५७ साली लंडनला छापले गेले. कराचीचे व्यापारी सेठ नाऊमल होतचंद यांच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या नातवाने केला, तो १९१५ साली खासगी वितरणापुरता निघाला. नाऊमल इंग्रजांना साहाय्य करणारे होते, त्यामुळे त्यांचे पुस्तक वाचताना मनाला टोचतेही. तरी एका सिंधी माणसाने स्वतः सांगितलेला तो सिंध आहे, आणि माझ्या मते खरेदीत पहिला मान त्याचाच असावा.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे इंटरनेटवर फुकट मिळते, मग जुना कागद कशाला? वाचण्यापुरते ते मिळते, हे मान्य. पण बर्न्सच्या प्रवासासोबत ॲरोस्मिथने केलेला मध्य आशियाचा मोठा घडीचा नकाशा निघाला होता. असे नकाशे स्कॅन करताना पुष्कळदा उलगडलेच जात नाहीत, पडद्यावर दिसते ती फक्त घडीची पाठ. शिवाय मूळ प्रत जपली नाही तर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी बराच फेरफार करून छापला. भारत इतिहास संशोधक मंडळात मूळ हस्तलिखित होते, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली भटजींचा खरा मजकूर वाचकांपुढे ठेवता आला.

राहिला पैशाचा प्रश्न. पहिल्या आवृत्तीची निष्कलंक प्रत वस्तीला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. नंतरची आवृत्ती, बांधणी सुटलेली प्रत किंवा एखादा सुटा खंड बराच स्वस्त पडतो. यांतल्या काही ग्रंथांची पुनर्मुद्रणे कराचीत ऑक्सफर्डने १९७० च्या दशकात काढली, सुरुवात त्यांपासून करावी. जरीपटक्यातल्या व्यापाऱ्यांनी शाळा आणि धर्मादाय कामे उभी केली आहेत. त्यातलाच थोडा पैसा दरवर्षी या खरेदीसाठी वेगळा काढावा, पुस्तके वस्तीतल्याच एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावीत, आणि ती वाचायला सिंधी, मराठी असा भेद न करता कोणालाही येऊ द्यावे. नकाशा मात्र कपाटात न ठेवता काचेखाली पूर्ण उलगडून भिंतीवर लावावा, म्हणजे शाळकरी मुलांना शिकारपूर ते बुखारा ही हुंडीची वाट बोटाने दाखवता येईल.